पहिली वेलांटी की दुसरी

फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि माझी मुलगी जुई तिच्या मामाला लिहायचं पत्र चौथ्यांदा लिहीत होती. मी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. फोन ह्यांचा होता, उल्हासनगरच्या हॉस्पिटलमधून. "निघ तू आता," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "शुद्धीवर आहे का?" ते म्हणाले, "सुमन, गेला गं दादा. दहा मिनिटं झाली." जुईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. तिला वाटलं असणार, कंपनीतला फोन आहे. ती 'लवकर' हा शब्द लिहीत होती. तो तिनं पुरा केला आणि कागद माझ्याकडे सरकवून विचारलं, "आता बरोबर आहे?"

त्याला आता सात आठवडे झाले. दादा म्हणजे सुधाकर, माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. वडील नगर जिल्ह्यातून कारखान्यात कामाला आले तेव्हा त्यांनी उल्हासनगरच्या कॅम्प चारला दोन खोल्या घेतल्या. दादा शेवटपर्यंत तिथंच राहिला. लग्न केलं नाही. धंदा बोर्ड रंगवण्याचा. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, शाळांच्या भिंती, देवळावरची देणगीदारांची नावं. मराठी, हिंदी, आणि कुणी नमुना काढून दिला तर सिंधीसुद्धा. बाजारात त्याला त्याच्या नावानं कुणी हाक मारली नसेल, सगळ्यांचा तो पेंटर. त्याच्या हाताला अक्षराचं वळण असं होतं की 'क' काढताना तो मध्ये ब्रश उचलतो कुठं ते कळायचं नाही. मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला तो एकच सांगायचा, "चिठ्ठीवर लिहून द्या. तुम्ही लिहाल तसंच काढणार." लोकांना वाटायचं पेंटर फार चोख आहे. मलाही तसंच वाटायचं.

मी आनंदनगरच्या एमआयडीसीत एका औषधांच्या कंपनीत आहे. गेली एकोणीस वर्षं माझं काम कागद तपासण्याचं. औषधाची प्रत्येक बॅच कशी बनली याची नोंद असते, त्या नोंदीत चूक झाली तर ती खोडून, गिरवून, पांढरी शाई लावून चालत नाही. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चुका शोधण्यात माझा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही, आणि याचा मला अभिमान होता. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या अभिमानातून झालं.

जुईला आम्ही बदलापुरातल्या शाळेतून पहिलीतच काढलं. खरवईला आमच्या घरापासून शाळा दहा मिनिटांवर, पण ती दहा मिनिटं रोज रडण्यात जायची. नंतर नंतर रडणं थांबलं आणि सकाळी ताप यायला लागला, खरा ताप, थर्मामीटरवर दिसणारा. तिची वही बाईंनी वर्गात वाचून दाखवली होती आणि मुलं हसली होती, एवढंच आम्हाला कळलं. आम्ही ठरवलं की दोन-तीन वर्षं घरीच शिकवू, मोठी झाली की बघू. दिवसा दादा यायला तयार होता. फ्लेक्स आल्यापासून त्याचं काम आटलंच होतं. सकाळी नऊला तो स्कूटरवरून उल्हासनगरहून यायचा आणि मी कामावरून येईपर्यंत थांबायचा. ठरलं असं की दादा तिला सांभाळेल आणि अभ्यास मी संध्याकाळी घेईन.

पहिल्या महिन्यात जुईनं आपणहून एक मजकूर लिहिला. माझ्या सासूबाई तेव्हा नुकत्याच गेल्या होत्या. तिनं लिहिलं होतं, "माझी आजी मेली. ती आता फोटोत राहाती. मी तीला दुध दाखवते ती पित नाय." मी कामावरून आले, हातपाय धुतले आणि लाल पेन घेऊन बसले. मेली नाही, वारली. राहाती नाही, राहते. तीला नाही, तिला. दूध, पीत, नाही. सहा रेघा मारल्या, बाजूला बरोबर शब्द लिहिले, आणि कौतुकानं तिला शिकवलं की प्रत्येक रेघेशेजारी आपलं नाव कसं लिहायचं. साडेसहा वर्षांच्या मुलीनं सहा चुकांवर सहा वेळा सही केली... मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. फोटोही काढला होता मी.

त्यानंतर ती लिहायची, पण कसं? "मी आहे. आई आहे. बाबा आहे. घर आहे." पानभर हेच. एकही चूक नाही. जे शब्द येतात म्हणून पक्की खात्री, तेवढेच ती कागदावर ठेवायची. मला वाटलं, सुधारली. मी दादाला वही दाखवली. त्यानं चष्मा लावून पानं उलटली, आधीचं आजीचं पान बघितलं, पुन्हा पुढची बघितली. म्हणाला, "सुमे, हे पान जित्तं होतं. ही बाकीची मेलेली आहेत."

मी चिडले. म्हटलं, चुका तशाच सोडायच्या का? उद्या परीक्षेला कोण हिचं जित्तं पान बघणार आहे? दादा माझ्याशी कधी वाद घालायचा नाही. त्या दिवशी मात्र त्यानं चहा संपवला आणि मला जे सांगितलं ते मी त्याची बहीण असून मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. चौथीत असताना त्यानं फळ्यावर 'पाणी' चुकीचं लिहिलं. गुरुजींनी ते पाटीवर लिहायला लावलं, पाटी त्याच्या गळ्यात अडकवली आणि सगळ्या वर्गांतून फिरवलं. सातवीत त्यानं शाळा सोडली ती घरच्या अडचणीमुळं नाही, जसं आई सगळ्यांना सांगायची. निबंध लिहावा लागू नये म्हणून सोडली. "अक्षर काढायला मला आवडायचं गं," तो म्हणाला. "लिहायची भीती वाटायची. म्हणून मी लोकांनी लिहिलेलं काढत बसलो."

मला आठवलं, मी दहा-अकरा वर्षांची असताना तो कामावर जाताना घरात चिठ्ठ्या लिहून ठेवायचा आणि मी त्या दुरुस्त करून त्याच्या डब्याखाली ठेवायचे. तो हसायचा. मग चिठ्ठ्या बंद झाल्या होत्या. का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून लेखन दादाकडे गेलं. त्याची रीत साधी होती. जुईच्या पानावर तो काही म्हणजे काहीच लिहायचा नाही. तिनं लिहायचं, त्यानं शेजारच्या पानावर उत्तर लिहायचं. तिनं लिहिलं, "मामा तु काल का नाय आलास मी वाट पाहीली," की हा उत्तर द्यायचा, "जुई, तू वाट पाहिलीस हे मला माहीत नव्हतं. स्कूटर पंक्चर झाली म्हणून मी आलो नाही." त्यात तिचे चुकलेले शब्द बरोबर होऊन बसलेले असायचे, पण तो त्यांच्याकडे बोट दाखवायचा नाही. आठवड्यातून एकच चूक तो उघड धरायचा, तीही सगळं वाचून, हसून, पानातलं सगळ्यात देखणं अक्षर कोणतं ते तिच्याकडून शोधून घेतल्यावर. मी म्हटलं, एकच का? तर म्हणाला, "पत्र्यावर एकदा पुसलेलं झाकलं जातं. दहादा पुसलंस तर रंग धरत नाही."

पण उत्तर बरोबर लिहायचं तर त्याला ते यायला हवं होतं. म्हणून दुपारी एकच्या सुमाराला, मी कँटीनमध्ये डबा उघडला की त्याचा फोन. "सुमे, 'माहीत'. पहिली वेलांटी का दुसरी?" "दुसरी." "आणि 'आणि'?" "पहिली." "बरं, ठेव." रोज दोन-तीन शब्द. चोपन्न वर्षांचा माणूस बहिणीच्या जेवणाच्या सुट्टीत वेलांट्या विचारायचा. शेजारी बसणाऱ्या बायका हसायच्या, मलाही संकोच वाटायचा, कधी मी फोन पालथा घालून ठेवायचे. तो पुन्हा करायचा नाही. त्या दिवशी बहुतेक तो शब्दच टाळून उत्तर लिहीत असेल.

कधी कधी तो जुईला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात जायचा, बोर्ड वाचायला. एका दुकानावर त्यानं पंचवीस वर्षांपूर्वी 'शितपेये मिळतील' असं लिहिलं होतं. चूक चिठ्ठीतलीच होती. नंतर कुणीतरी हटकल्यावर तो डबा-ब्रश घेऊन दुरुस्त करायला गेला, तर दुकानाचे सिंधी शेठ म्हणाले, "पेंटर, रहने दे. आदमी पढ़ के नहीं आता, प्यास लगती है तब आता है." जुईला ही गोष्ट फार आवडायची. ती मला पुन्हा पुन्हा सांगायची आणि शेठचा आवाज काढायची. तिनं ती लिहूनही काढली, दीड पान. त्यात चुका किती होत्या ते मी मोजलं नाही असं म्हणायला मला आवडेल, पण मोजल्या होत्या. फक्त बोलले नव्हते.

दोन वर्षांत ती मुलगी उमलली, याला दुसरा शब्द नाही. मांजरावर लिहिलं, समोरच्या इमारतीच्या गवंड्यांवर लिहिलं. चिखलोलीला नवीन स्टेशन होणार आहे हे घरात बोलणं झालं तेव्हा तिनं लिहिलं, "स्टेशन झाल्यावर त्याचं नाव कोण काढनार? मामानी काढलं पाहिजे. मग गाडीतले सगळे मामाचं अक्षर वाचतील." दादानं शेजारच्या पानावर उत्तर लिहिलं, "माझं नाव काढणार असशील तर अर्ज तू लिहून दे." आणि तिनं खरंच अर्ज लिहिला. चुकाही कमी होत चालल्या होत्या, कुणी न ओरडता, आपल्या आपण. मला ते दिसत होतं. आणि तरी मला वाटायचं, मी घेतलं असतं तर लवकर झालं असतं.

मग त्याचा आवाज बसला. दोन महिने तो आल्याचा काढा पीत राहिला. तपासलं तेव्हा घशाचा कॅन्सर बराच पुढं गेला होता. ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. आता त्याला प्रत्येक गोष्ट लिहून सांगावी लागणार होती... ज्याला जन्मभर फक्त तेवढंच करायचं नव्हतं त्याला.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ बसले होते. त्याच्या मांडीवर वही होती. त्यानं नेहमीच्याच सुंदर वळणात लिहिलं, "थोडं पानी." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी, दादा." मी ते चूक दाखवायला म्हटलं नव्हतं. मी ते वाचलं, इतकंच. किंवा तसं मी स्वतःला सांगते. त्यानं माझ्याकडे बघितलं, वही मिटली आणि ग्लासाकडे बोट दाखवलं. त्यानंतर माझ्याशी तो कधी लिहून बोलला नाही. भूक, उशी, पंखा, दुखणं, सगळं बोटानं. मी माफी मागितली तर त्यानं हात हलवून उडवून लावलं, अगदी प्रेमानं. पण वही माझ्यासमोर उघडली नाही.

जुईसमोर मात्र ती दिवसभर उघडी असायची. मधले काही आठवडे तो आमच्याकडे राहिला तेव्हा दोघं पलंगावर शेजारी शेजारी बसून लिहायची. ती बोलू शकत होती, तरी तीही लिहायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे. खोलीत आवाज नाही, आणि मध्येच दोघांचे खांदे हसण्यानं हलायचे. काय लिहिलंय ते मी विचारलं की वही उशीखाली जायची.

दुखणं उलटलं आणि त्याला पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं. लहान मुलांना आत सोडत नव्हते, म्हणून जुई चिठ्ठी द्यायची आणि मी न्यायचे. दोन चिठ्ठ्या मी तशाच नेल्या. दुसरी वाचून त्यानं ती घडी करून उशीच्या अभ्र्यात ठेवली. उत्तर लिहायची ताकद उरली नव्हती. तिसरी चिठ्ठी जुईनं मला सोमवारी सकाळी दिली. त्यात लिहिलं होतं, "मामा तू मरनार आहेस का. मरनार असशील तर मला आदी सांग. मला तूला एक सांगायच आहे."

हे मी घेऊन जाऊ शकले नाही. मला ते वाक्य त्याच्यासमोर धरवलं नसतं. पण मी जुईला तसं सांगितलं नाही. मी म्हटलं, "जुई, यात किती चुका आहेत बघ. मरणार, बाणातला ण. आदी नाही, आधी. तिथं डॉक्टर असतात, पाहुणे येतात, सगळे वाचतील. आपण छान पक्कं लिहू." एवढंही पुरलं नाही. मी तिला वाक्यं सांगितली, "प्रिय मामा, तू लवकर बरा हो. आम्ही सगळे तुझी वाट पाहत आहोत." ती म्हणाली, "पण मला हे नाही सांगायचं." मी म्हटलं, "आधी हे लिही. तुझं नंतर लिहू."

ज्या मुलीला ही दोन वाक्यं सहज लिहिता आली असती तिच्या हातून प्रत्येक वेळी काहीतरी चुकायला लागलं. सोमवारी 'प्रीय' झालं. मंगळवारी एक शब्द सुटला. बुधवारी सकाळी तिनं 'वाट' इतक्या जोरात लिहिलं की कागद फाटला. सोमवारी आणि मंगळवारी मी हॉस्पिटलात रिकाम्या हातानं गेले. दादा माझ्या पिशवीकडे बघायचा, मी मान हलवायचे. "लिहितेय," मी सांगायचे, "छान लिहून आणते." बुधवारी साडेअकराला फोन आला.

सोमवारी तिनं दिलेली ती मूळ चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती. स्मशानात ती त्याच्याजवळ ठेवता आली असती. सुचलं नाही असं नाही, सुचलं होतं. पण आजूबाजूला नातेवाईक उभे होते, कुणी उचलून वाचली असती तर... तिथंही मला चुकांचीच लाज वाटली. मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

तिसऱ्या दिवशी जुईनं विचारलं, "आई, मी पहिल्यांदाच बरोबर लिहिलं असतं तर ते मामाला मिळालं असतं ना?" मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "नाही बाळा, चूक माझी होती. तुझं पहिलं पत्रच बरोबर होतं." तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मरणार चुकलं होतं की." तिला मामाला काय सांगायचं होतं ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, आता आठवत नाही.

मी रजा घेऊन घरी आहे. ती अभ्यासाला वेळेवर बसते. पुस्तकातला उतारा समोर ठेवते आणि उतरवते. आपलं असं एक वाक्य लिहीत नाही. मागच्या आठवड्यात तिच्या प्रवेशासाठी एका शाळेत गेलो होतो, तिथल्या बाईंनी वही चाळून सांगितलं की एवढं शुद्ध लेखन या वयात बघायला मिळत नाही. जुईनं "थँक्यू" म्हटलं. मला तिथं बसवेना. मी दादाची रीत करून पाहिली, शेजारच्या पानावर लिहून ठेवते, "जुई, आज मला मामाची आठवण आली. तुला?" पान तसंच राहतं. माझ्या अक्षराला ती उत्तर का देईल? मी तरी दिलं नसतं.

कॅम्प चारच्या खोल्या आवरायला मी एकटी गेले. ब्रश, रंगाचे वाळलेले डबे, स्टूल... सगळं बांधून झाल्यावर स्वयंपाकाच्या फळीपाशी आले. फळीवर ओळीनं स्टीलचे डबे होते आणि प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं नाव. साकर. चाहा. हाळद. मिठ. अक्षरं मोठी, उतरत गेलेली, एका ठिकाणी रंगाचा ओघळ. जुई सात वर्षांची असताना एका दुपारी त्यानं तिच्या हातात ब्रश दिला असणार. मला दोघांनीही कधी सांगितलं नव्हतं, मी तपासेन म्हणून असेल. दोन वर्षं तो रोज त्या डब्यांतून चहा-साखर घेत होता. झाकणं हाताळून चकाकत होती.

बाकीचे डबे मी तिथंच पेटीत भरले. मिठाचा तेवढा पिशवीत घालून बदलापूरला आणला, पुसला, आमचं मीठ त्यात भरलं आणि गॅसशेजारी ठेवला. जुई पाणी प्यायला आली. तिनं डबा ओळखला. मला वाटलं काहीतरी बोलेल, रडेल. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ते चुकलंय." मग दोन्ही हातांनी डबा हळूच फिरवला, अक्षरं भिंतीकडे केली आणि पाणी घेऊन गेली.

सकाळी मी स्वयंपाकाला लागले की तो वळवून ठेवते. दुपारी भांडी आवरायला येते तेव्हा नाव पुन्हा भिंतीकडे असतं.